सात बेदाण्यांचे खैरनार

खैरनार भाऊजींच्या उजव्या खिशात रोज सकाळी मोजून सात बेदाणे असत, आणि ते संपेपर्यंत आमच्या सोसायटीत कुणाची धडगत नसे.

नेमच तसा होता त्यांचा. सकाळी उठून जाडजूड डिक्शनरीतून इंग्रजीतला एक अवघड शब्द काढायचा आणि दिवसभरात सात वेळा तो जित्याजागत्या माणसावर वापरायचा. एकदा वापरला की एक बेदाणा तोंडात. आरशापुढं म्हटलेलं चालत नसे, समोर माणूसच लागे. शेजारी म्हणून हा मान बहुतेक वेळा माझ्याकडेच यायचा.

"वहिनी, आजचा शब्द अ‍ॅम्बिग्युअस," एकदा त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "म्हणजे नक्की काय आहे ते न कळणारं." तेवढ्यात दूधवाला आला. भाऊजींनी माझ्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "तुझं दूध अ‍ॅम्बिग्युअस आहे."

"नाय साहेब, म्हशीचंच हाय," दूधवाला म्हणाला. भाऊजींनी बेदाणा खाल्ला.

माझ्या सासूबाई पाय मुरगळून पडल्या होत्या तेव्हा भेटायला आले. त्या दिवशीचा शब्द होता एक्स्क्रुशिएटिंग, म्हणजे जीवघेणं दुखणारं. उशाशी बसून तीनदा तो शब्द म्हणाले आणि तीन बेदाणे खाल्ले. ते गेल्यावर सासूबाई भडकल्या, "माझा जीव चाललाय आणि हा मेला खाऊ खातोय!"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाऊजी पाटबंधारे खात्यात कारकून होते. राहायला आमच्यासारखेच पंचवटीत, पण रिक्षावाल्याला कधी सरळ 'पंचवटी' म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "गोदावरीच्या डाव्या तीराला चला." निम्मे रिक्षावाले वैतागून पुढं निघून जात. पाणी हवं असलं की "वहिनी, थर्स्ट!" एवढंच. मला तर डोक्यात तिडीक जायची. काय हा शिष्टपणा! पोटच्या मुलीचं नाव आत्यानं बारशाला हौसेनं पल्लवी ठेवलं, तर हे तिला सदान् कदा 'चिमणी' म्हणणार. ते मात्र मला गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू?

चिमणी सहा वर्षांची होती तेव्हा तिसऱ्या श्रावणी सोमवारी आम्ही दोन्ही घरं मिळून त्र्यंबकला गेलो. गर्दी म्हणजे काय विचारता! देवळाबाहेर बेलफुलांच्या टोपल्यांपाशी भाऊजींनी चप्पल चढवायला क्षणभर तिचा हात सोडला, आणि वर बघतात तो चिमणी नाही.

तिची आई मीना आणि माझे हे कुशावर्त कुंडाकडे शोधायला धावले. मी भाऊजींना घेऊन हरवले-सापडलेच्या मंडपात आले. तिथं कपाळाला भस्म लावलेला एक स्वयंसेवक माईकपाशी बसला होता.

"मुलीचं नाव?"

भाऊजींनी तोंड उघडलं, मिटलं. "माय डॉटर. यलो फ्रॉक. सिक्स इयर्स."

"नाव सांगा, नाव!"

"डिमिन्युटिव्ह," भाऊजी म्हणाले. त्या दिवशीचा शब्द. म्हणजे इवलीशी.

माझा संयमच सुटला. पोर हरवलीय आणि ह्यांचं इंग्रजी चाललंय! मी माईक हिसकावून घेतला आणि पल्लवी खैरनार, पल्लवी खैरनार असा पाच-सहा वेळा पुकारा केला. पंधरा मिनिटं झाली. कुणी आलं नाही.

"ताई, पोर घाबरलं की परक्या आवाजाकडं येत नाय," स्वयंसेवक म्हणाला. "बापानं बोलावं."

भाऊजींनी माईक घेतला.

"प..." म्हणाले. "प... प... प..."

भोंग्यातून सगळ्या त्र्यंबकभर ते 'प' घुमत गेले. रांगेतली माणसं हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "अहो, माईक बिघडला!" स्वयंसेवकानं हात पुढं केला, पण भाऊजींनी माईक सोडला नाही. डोळे गच्च मिटून, घामानं निथळत, ते त्या एका अक्षरावर किती वेळ उभे होते कोण जाणे. आणि मग आलं, "पल्लवी. बाळा, इकडं ये."

पाचच मिनिटांत एका हवालदाराचं बोट धरून पिवळा फ्रॉक आला. हुश्श! मी तिथंच चटईवर बसकण मारली आणि ढसाढसा रडले. भाऊजींनी लेकीला उचललं ते एसटीत बसेपर्यंत खाली ठेवलं नाही.

परतीच्या गाडीत माझी मान वर होत नव्हती. शेवटी तेच हळू आवाजात बोलले. "वहिनी, लहानपणापासून काही अक्षरं अडतात माझी. हे अक्षर तर फारच. साध्या शब्दाला अडलो की लोक हसतात. जड इंग्रजी शब्दाला थांबलो, तर वाटतं विद्वान माणूस आहे, विचार करतोय."

इतकी वर्षं मी ज्याला शिष्टपणा म्हणत आले, तो बिचाऱ्याचा आडवाटेचा रस्ता होता. मला माझीच लाज वाटली. विषय बदलायला मी त्यांच्या मांडीवरच्या चिमणीला म्हटलं, "काय गं, मी एवढी घसा फोडून हाका मारत होते, तेव्हा का नाही आलीस?"

"मला वाटलं, दुसरी कुणीतरी पल्लवी असेल," ती म्हणाली. "मग बाबांनी हाक मारली ना, तेव्हा कळलं मीच."

"आवाज ओळखलास होय?"

"नाही काही! बाबा रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून माझं नाव म्हणतात. असंच, प प प करून. मला बाहेर ऐकू येतं."

भाऊजींनी एकदम खिडकीकडे तोंड फिरवलं. जरा वेळानं खिशात हात घातला आणि त्या दिवशीचे उरलेले सहाही बेदाणे लेकीच्या मुठीत ठेवले.