चार गड्यांचा डबा अन् एक गोधडी

राखणदारीत माझा हात धरेल असा माणूस सेलू तालुक्यात नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. देवगाव फाट्याच्या रस्त्यावर कापसातली सरकी काढायची जी जिनिंग आहे, तिच्या गेटवर मी सहा वर्षं बसतो. एवढ्या काळात तिथून सरकीचा एक दाणा चोरीला गेलेला नाही. आणि वर मला वाचता येतं! वयाच्या बासष्टाव्या वर्षी माझ्या नातीनं, सुकेशनीनं, मला अक्षरं शिकवली. ती तेव्हा नववीत होती. एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, ते म्हणायचं, मग बोट पुढं. तेव्हापासून दिसेल ती पाटी मी वाचतो आणि पाटी सांगेल तसंच वागतो. साधं तंबाखू थुंकायचं झालं तरी मी पाटी लावलेल्या जागीच जाऊन थुंकतो. इकडंतिकडं नाही. शिस्त म्हणजे शिस्त!

तर तीच सुकेशनी आता इंजिनिअर झाली आणि या जानेवारीत आमच्याच जिनिंगमध्ये एक डबा घेऊन आली. दिसायला पंधरा किलो तेलाच्या डब्याएवढा, पण असा दणकट की बैलगाडीखाली घातला तर बैलगाडीच मोडेल. त्याला सर्व्हर म्हणतात. कापूस पट्ट्यावरून चालला की वरचा कॅमेरा बघतो, डबा विचार करतो आणि कापसात सुतळी, गुटख्याची पुडी, लाल दोरा काही दिसलं की हवेचा फुत्कार मारून ते बाजूला उडवतो.

"हे एज कंप्युटिंग हाय, आजा," सुकेशनी म्हणाली.

एज म्हणजे वय, हे मला रेशनच्या फॉर्मवरून माहीत होतं. मी म्हणालो, एकाहत्तर.

ती हसली. म्हणाली, "ते न्हाई. एज म्हणजे कड. आपला बांधच धरा. लांब पुण्या-मुंबईच्या कंप्युटरला विचारायला गेलं अन् मधीच नेट गेलं, तर पट्टा बंद. म्हणून डोकं इथंच बांधावर आणून बसवलंय."

पुढं तिनं सांगितलं की डब्याच्या आत चार नोड आहेत, म्हणजे चार वेगवेगळे कंप्युटर. एक पडला तर बाकीचे त्याचं काम वाटून घेतात. हे मला लगेच समजलं. मी तीस वर्षं ऊस तोडला आहे. टोळीतला एक गडी तापानं झोपला तर त्याची तोड दुसरे ओढतातच की. डब्यावर चार हिरवे दिवे होते. मी त्यांना आमच्या टोळीतली नावं देऊन टाकली: मुंजाजी, बालाजी, भारत आणि चौथा सिताराम. सिताराम म्हणजे मीच.

डब्याचे मालक अजून आम्ही झालो नव्हतो. जिनिंगवाले नागेश शेठ म्हणाले होते, तीन दिवस पट्टा एकदाही थांबला नाही तर डबा ठेवीन, थांबला तर उचलून न्या. सुकेशनी डबा बनवणाऱ्या कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर होती आणि हा तिनं एकटीनं बसवलेला पहिला डबा. हा परत गेला असता तर तिलाही घरीच परत यावं लागलं असतं. दोन दिवस ती भाकरी हातात धरूनच डब्याचे दिवे मोजत होती.

दोन दिवस डबा वाघासारखा चालला. तिसऱ्या दिवशी सकाळी कसलीशी वायर आणायला सुकेशनीला परभणीला जावं लागलं. गाडी धरायची घाई, म्हणून खोक्याचा अरुंद पुठ्ठा फाडून त्यावर तिनं काहीतरी लिहिलं, डब्यावर टेकवलं आणि पळता पळता मला म्हणाली, "आजा, डब्यावर ध्यान ठेवा. पाटी वाचा."

मी हात धुऊन आलो आणि बोट ठेवून वाचलं. वरच्या ओळीत 'डबा झाकून'. खालच्या ओळीत 'ये'.

डबा झाकून ये. बरोबरच होतं! आमच्या घरात दिवसातून दहा वेळा हेच ऐकू येतं. माझी बायको चांगुणाबाई कालवण झाकून ये म्हणते, दूध झाकून ये म्हणते, कोंबड्या झाकून ये म्हणते. पोरीनं आजीचंच वळण उचललं, म्हणून मला बरंही वाटलं. त्यात जिनिंगमध्ये रुईचे तंतू उडत होते आणि त्या दिवशी थंडी अशी होती की माझ्या मिशांनासुद्धा मफलर लागत होता. डबा तर आतून घूं घूं करत थरथरत होता. काकडला असेल बिचारा! मी गेटवरच्या खोलीतून गोधडी आणली. चांगुणाबाईनं नऊ लुगड्यांची शिवलेली गोधडी आहे ती, तिच्यातून बंदुकीची गोळी जाणार नाही. लेकरू गुंडाळावं तसा डबा गुंडाळला आणि माझ्या खुर्चीत 'आलो'.

अकराला सुकेशनीचा फोन आला.

"आजा, पाटी वाचली का?"

"वाचली."

"तसंच केलंय ना?"

"आगदी तसंच."

ती निर्धास्त झाली. मीही झालो. बारा वाजता पुन्हा फोन. तिच्या मोबाईलवर निरोप आला होता. "आजा, डबा तापायलाय म्हणून दाखवायलंय. पाटीवर लिहिलंय तसंच हाय ना सगळं?"

तापायलाय म्हणजे हुडहुडी भरून ताप चढला असणार! मला तर टोळीतल्या गड्याच्या अंगावर पोती टाकायचं ठाऊक. मी म्हणालो, "तू काळजी करू नको. आजून पक्कं करतो." लगेच शेठच्या गादीवरची रजई आणली, गोधडीवर घातली आणि सुतळीनं आवळून बांधली.

दोनला आतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. झोपलेल्या लेकराचं पांघरूण उचलून बघावं तसा मी कोपरा उचलला. गरम वाफ तोंडावर आली आणि मुंजाजी लाल! मला नवल वाटलं नाही. उसाच्या फडातसुद्धा मुंजाजीच पहिला बसायचा. पण तीनला बालाजी गेला, आणि बालाजी असा बसणारा नव्हता. मी फोन लावला, तर सुकेशनी गाडीत होती आणि रेंज नव्हती. चारला भारत पडला. आता पट्टा नवरीसारखा पाऊल मोजत चालायला लागला. पट्ट्यावरचा व्यंकटी ओरडला, "बाबा, डब्याला काय झालं? कापूस सोडून माझा रुमाल उडवला त्यानं!" त्याच्या डोक्याचा लाल रुमाल खरंच सरकीच्या ढिगावर जाऊन पडला होता.

एकटा सिताराम उरला होता, आणि तोही पिवळा झाला होता. मी रजईवरून हात फिरवत त्याला म्हणत होतो, दम धर गड्या, पोरीच्या भाकरीचा सवाल हाय.

साडेपाचला सुकेशनी पळतच आत आली आणि दारातच थबकली. मग सुतळी तोडली, रजई फेकली, गोधडी ओढली. डब्यावर पापड भाजता आला असता.

"आजा, हे काय केलंत?"

"पाटीवर व्हतं तेच." मी पुठ्ठा उचलला, बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. "डबा झाकून. ये."

तिनं पुठ्ठा बघितला. माझं बोट बघितलं. मग हळूच म्हणाली, "डबा झाकू... नये."

'न' खालच्या ओळीत बसवायचा तो घाईत तिनं वर चिकटवला होता. एका अक्षरानं पोरीची नोकरी घालवली होती, आणि ते अक्षर तिनंच मला शिकवलं होतं.

तेवढ्यात सहाचा भोंगा झाला आणि नागेश शेठ आले. त्यांनी डबा बघितला, गोधडी बघितली, स्वतःची रजईही ओळखली. सुकेशनीनं काही न लपवता सगळं सांगितलं. म्हणाली, चूक माझी आहे, आजाची नाही.

शेठनी व्यंकटीला विचारलं, "पट्टा थांबला व्हता का?"

"थांबला न्हाई शेठ. रांगत व्हता. पण थांबला न्हाई."

शेठनी डब्याला बोट लावलं आणि चटका बसताच मागं घेतलं. "म्हणजे दोन पांघरुणं घालून तिघं पडले, तरी एकट्यानं ओढलं?"

"हो," सुकेशनी म्हणाली.

"मग ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं राहायचं तर एवढं सोसावंच लागतंय." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाबा, रजई तेवढी धुऊन आणा."

पुढच्या महिन्यात सुकेशनीची नोकरी पक्की झाली. चांगुणाबाई म्हणते, ती तिच्या गोधडीमुळं. पण त्या रात्रीच सुकेशनीनं मला जमिनीवर बसवून नवा धडा दिला. म्हणाली, "आजा, अक्षर जितकं महत्त्वाचं, तितकीच दोन शब्दांमधली फटही. फट बघूनच वाचायचं." नऊ वर्षांत हे तिनं मला सांगितलं नव्हतं, की सांगितलेलं मीच ऐकलं नव्हतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी जिनिंगमधल्या सगळ्या पाट्या नव्यानं, फट धरून वाचायला घेतल्या. फिरत फिरत ऑफिसमागच्या भिंतीपाशी आलो. तिथं पेंटरनं दाटीवाटीनं रंगवलेली एक जुनी पाटी आहे. मी सवयीनं तोंड भरून गेलो होतो. बोट ठेवलं, फट शोधली, आणि तोंड तसंच मिटून परत फिरलो.

'येथे थुंकू नये.'

सहा वर्षं मी रोज तिथं थुंकून येत होतो. नवा हमाल लागला की हाताला धरून मीच त्याला ती जागा दाखवायचो. दर दिवाळीला शेठ त्या कोपऱ्याला पांढरा चुना मारून घ्यायचे, तेव्हा मला वाटायचं, गरिबाच्या सोयीचा केवढा विचार करतो हा माणूस!

तर वाचकहो, एकच विनंती आहे. नागेश शेठना हे सांगू नये. मधली फट तेवढी नीट बघून घ्या!