कंपाउंडरने काढलेले अकरा फोटो

सन १९९८, डिसेंबरचा दुसरा आठवडा. थंडी चांगली पडली होती. निवृत्त होऊन मला तीन महिने झाले होते. पत्र्याच्या पेटीतले घरचे फोटो अल्बमात लावायचं मी ठरवलं. (मीच ठरवलं. "नुसतं बसून तरी काय करणार," एवढंच ही म्हणाली होती.)

तीस वर्षं मी बस डेपोत स्टोअरकीपर होतो. माल कोणाकडून आला याची नोंद नसेल तर मी तो रॅकवर चढू देत नसे. म्हणून प्रत्येक फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने साल लिहिलं आणि फोटो कोणी काढला तेही लिहिलं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझं अक्षर वाचता येतं.

दोन गठ्ठे झाले. मी काढलेले सव्वीस, शेजारच्या कंपाउंडरने काढलेले अकरा. माझ्या सव्वीसांत ही साक्ष द्यायला उभी असल्यासारखी. त्याच्या अकरांत हसतेय. दात मोजता येतील इतकी.

मी पुन्हा तपासलं. मग अकरा फोटो पाकिटात घालून शेजारी गेलो. ही मागोमाग आली.

"हे तुमचे तुम्ही ठेवा," मी कंपाउंडरला म्हणालो.

"का हो? खराब आलेत?"

"चांगले आलेत. तीच तक्रार आहे. ही तुमच्याकडे बघून हसतेय."

हिने पाकीट ओढून घेतलं. "डोळे कुठे आहेत माझे? शेजारी उभ्या तुमच्याकडे. पोट आत, श्वास बंद, मान ताठ. हे कंपाउंडर भावजी रेडी म्हणेपर्यंत तुम्ही निळे पडायचात."

(फोटो काळे-पांढरे आहेत. निळं काही दिसत नाही.)

"आणि माझ्या सव्वीसांत?"

"त्यांत तुम्ही नाही. हसू कशाला?"

कंपाउंडरची बायको एकेक फोटो निरखत होती. "भावजी, हे घेऊन जा. आमच्याकडे तर दोघांचा मिळून एकही नाही. कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात."

मी पाकीट परत घेतलं. पण कोणाचं फुकट ठेवून घ्यायची मला सवय नाही.

रविवारी मी कंपाउंडरच्या हातून कॅमेरा घेतला आणि दोघांना गॅलरीत उभं केलं. दोघांचीही डोकी आलेले अकरा फोटो जमायला चार रोल लागले.

अकराही नेऊन दिले.