अळणी पिठलं

आमच्या बदनापुरात माणूस गेलं की ती बातमी आधी सोयऱ्यांना कळते की किसनमामांना, यावर गावात अजून एकमत झालेलं नाही. घरात पहिला हंबरडा फुटतो न फुटतो तोच दारात मामा उभे असतात. पांढरा सदरा, पायजमा, भर उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला मफलर आणि हातात स्टीलचा डबा. डब्यात पिठलं आणि भाकरी.

तसा हा आपल्याकडचा जुनाच रिवाज. माणूस गेलं त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच दोन घास भरवतात. त्यालाच कडू घास म्हणायचं. पण हे काम शेजाऱ्यांनी आळीपाळीनं करायचं असतं. मामांनी सगळ्या गावाचा ठेका एकट्यानं घेतलेला होता.

मामा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून जन्मभर कर्ण्यावर गाड्या पुकारल्या. निवृत्त झाले, कर्णा सुटला, आवाज काही सुटला नाही. मरणघरात सगळे कुजबुजत असताना हे दारातूनच पुकारायचे, "गाडी गेली! गेली गाडी परत येत न्हाई! आता फलाटावर कशाला थांबता? चला, जेवून घ्या जल्दी!" पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं रडणंच थांबायचं. तेवढ्यात मामा घास तोडून त्याच्या तोंडाशी नेत. कुणी म्हणालं, "ठेवा मामा, खातो मी नंतर," तर लगेच डोळे वटारायचे. "कडू घास आपल्या हातानं खायचा न्हाई. दुसऱ्यानं भरवावा लागतो. आपल्या हातानं खाल्ला तर ते नुसतं जेवण झालं. तोंड उघड!"

आता या पिठल्याविषयी. त्यात मीठ नसायचं. कमी नव्हे, नसायचंच. कडू घासाची चव बघायची नसते हा मामांचा नियम, त्यामुळे ते चाखत नसत. आणि बापाला पोचवून आल्यावर मिठाची तक्रार कोण करणार? माझ्या शेजारच्या मालतीबाईंचे सासरे गेले तेव्हा त्यांनीही तो घास खाल्ला होता. त्या म्हणाल्या, "चालून जातं हो. रडून रडून तोंड खारट झालेलं असतं." भाकरीचं तर विचारूच नका. एकीचा आकार दुसरीला नाही. पण सगळ्यांनी खाल्ल्या, मुकाट्यानं खाल्ल्या.

मामांचा एक धाकही बसला होता. आमच्या गल्लीतले किराणावाले शेठ टायफॉइडनं आजारी पडले. मामा सरळ मनानं त्यांना बघायला गेले, हातात पिशवी घेऊन. शेठजींच्या म्हाताऱ्या आईनं ती पिशवी पाहिली आणि "असं कसं झालं रे बाळा!" म्हणून असा गळा काढला, की शेठजी अंथरुणातून धडपडत उठून बाहेर आले. पिशवीत मेथीची जुडी निघाली. शेठजी ठणठणीत बरे झाले, पण अजूनही मामा लांबून दिसले की दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतात.

मी जालन्याच्या कॉलेजात शिकवते आणि इथं मामांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहते. मी राहायला आले तेव्हा मामी नव्हत्या. त्या करोनाच्या साथीत गेल्या, जालन्याच्या दवाखान्यात. एवढंच मला माहीत होतं, आणि तेही त्यांच्या मुलीकडून. सुनीता संभाजीनगरला असते. दर आठवड्याला मला फोन करते आणि दरवेळी तेच विचारते, "मॅडम, बाबा काही बोलले का आईबद्दल? आई गेल्यापासून ते एकदा पण रडले न्हाईत हो. मला लई भीती वाटून राह्यली. माणूस असं आतल्या आत किती दिवस राहील?" मी म्हणायचे, "नाही गं, बोलले नाहीत." गावाला रडायला शिकवणारा माणूस स्वतःच्या घरात कोरडा ठणठणीत. लोकांना मात्र हे बजावायचे, "बाप्या माणसानं आधी रडावं. जल्दी मोकळं होतंय."

आणखी एक गोष्ट माझ्या खिडकीतून रोज दिसायची. मामा दोन्ही वेळ स्टँडजवळच्या खानावळीत जेवायचे. चहासुद्धा टपरीवर. त्यांच्या घरातला गॅस पेटायचा तो फक्त दुसऱ्याच्या मरणासाठी.

आम्ही चार-पाच मास्तर मंडळींनी गावात एक चित्रपट मंडळ काढलं होतं. महिन्यातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये पांढरा पडदा लावायचा, चांगला सिनेमा दाखवायचा, मग चर्चा आणि चहा. बरेचजण चहाच्या वेळेचा अंदाज घेऊनच यायचे. मामा मात्र पहिल्यापासून हजर. खुर्च्या दिसल्या की त्यांच्यातला नियंत्रक जागा व्हायचा. "पुढं सरका, मागं रिकामी हाय! खिडकीची सीट महिलांना!" सिनेमा सुरू झाला की भविष्य सांगायचे. पडद्यावर कुणी नुसतं खोकलं तरी मामा जाहीर करायचे, "याची गाडी लागली!" आणि चर्चा चालवणारे आमचे कुलकर्णी सर दात-ओठ खायचे.

त्या शनिवारी आणलेला सिनेमा दाखवावा की नाही, यावर आमचंच भांडण झालं होतं. कुण्या नव्या पोरीनं मित्रांच्या मदतीनं केलेला, छोटासा. त्यात गाणी नाहीत, संवाद जवळजवळ नाहीतच. नवरा गेलेली एक बाई, तिचं घर, तिचं अंगण, बस्स. सुरुवातीला अंगणातून चपला निघून जाताना दिसतात. माणसं दिसत नाहीत, नुसती पावलं. मग कॅमेरा तिथंच थांबतो आणि रिकामं अंगण बघत राहतो.

"गेले?" मामा मोठ्यानं म्हणाले. "जेवू न घालता गेले?"

लोक हसले. मग मामा जे गप्प झाले ते झालेच. पडद्यावर ती बाई स्टोव्हवर चहा मांडते, फडताळातून दोन कप काढते, थोडा वेळ दोन्ही हातात धरून उभी राहते आणि एक परत ठेवते. ठेवताना कप जरा वाजतो. सगळ्या सिनेमात मोठा आवाज म्हणाल तर तेवढाच. दुसऱ्या कुणी इथं सनई नाही तर पाऊस घातला असता. या पोरीनं काही घातलं नाही. मी मामांकडे पाहिलं. ते पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून बसले होते.

बाई थंड चुलीपुढं बसते, राखेत बोटं फिरवते. तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखे फिरले, प्रोजेक्टर काही चालेना. वाट बघून कंटाळलो आणि उरलेला सिनेमा उद्या याच वेळेला, असं जाहीर केलं. खुर्च्या सरकल्या. अंधारात मामांचा आवाज आला, "पण तिनं काही खाल्लं का न्हाई?"

रविवारी मामा आले ते डबा घेऊन. हॉलमध्ये एकच कुजबुज झाली.

"मामा, कोण गेलं?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"कोण म्हणजे? तिचा मालक न्हाई का गेला काल?"

अख्खा हॉल हसला. कुलकर्णी सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो मामा, तो सिनेमा आहे."

"मला कळतंय, सर. पडद्यात हात घालून भरवायला आलो न्हाई मी. पण काल ती माय उपाशी बसल्ती, आन मी खानावळीत गेल्तो. घासच उतरंना. मंग आज उठलो आन पिठलं टाकलं." एवढं बोलून ते डबा मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. गाडीत ठेवायला जागा नसली की माणूस सामान मांडीवर घेतो, तसे.

उरलेला सिनेमा सुरू झाला. दिवस जातात. अंगणातली पानं वाढतात, मग एका सकाळी ती झाडते. शेवटी चूल पेटवते. एकच भाकरी थापते. घास तोडते, तोंडापर्यंत नेते, खाली ठेवते. पुन्हा उचलते आणि या वेळी खाते. सावकाश चावत दाराबाहेर बघत राहते. तिथंच सिनेमा संपतो.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, मनापासून. कुलकर्णी सर उभे राहिले आणि जखम कशी आपोआप भरून येते, माणूस शेवटी स्वतःच स्वतःला कसा सावरतो, यावर बोलू लागले. चांगलं बोलत होते.

"आपल्या हातानं खाल्लं तिनं," मामा मध्येच म्हणाले.

"हो ना मामा. म्हणजेच ती सावरली."

"कुणी आलं न्हाई म्हणून खाल्लं. त्याला सावरणं म्हणत न्हाईत, सर. एवढ्या गावात एक शेजारीण न्हाई? हे काय गाव हाय का?"

"मामा, ते प्रतीकात्मक आहे."

"मंग एखादी प्रतीकात्मक भाकर तरी न्यायची!"

पुन्हा हशा झाला. चहा आल्याची वर्दी मिळाली आणि मंडळी बाहेर पडली. एरवी खुर्च्या एकात एक घालून ठेवायचं काम मामांचं, कुणी हात लावला तरी चालायचा नाही. आज ते उठलेच नाहीत. रिकाम्या पडद्यासमोर डबा धरून बसून राहिले. मी शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"मामीला दवाखान्यातूनच नेलं," ते म्हणाले. कर्ण्यावरचा आवाज नव्हता तो. मला वाकून ऐकावं लागलं. "मला लांबून दाखवलं. बांधलेलं. तोंड दिसलं न्हाई. घरी आलो तर गल्लीला बांबू लावल्ते. लोक वाईट न्हाईत, मॅडम. डबा आल्ता. गेटावर ठेवला, लांब सरकले आन आवाज दिला, मामा, जेवून घ्या. त्यांचं काही चुकलं न्हाई. त्यांनाबी लेकरंबाळं हायत."

बाहेर कपबशा वाजत होत्या.

"डबा उघडला. पिठलं-भाकर होती. घास तोडला आन हात तसाच राह्यला. म्हणलं, हा आपल्या हातानं कसा खावा? दाराकडं बघत बसलो, कुणी येतंय का. कोण येणार? मंग खाल्ला." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "भूक लागल्ती हो, मॅडम. तिला नेलं, आन मला भूक लागल्ती. सगळी भाकर खाल्ली मी. बिलकुल पोटभर."

इतकी मरणं फिरून आलेल्या या माणसाच्या घशात ती एक भाकरी अडकली होती, आणि आम्ही त्याच्या पिठल्यावर विनोद करत होतो. मला त्या क्षणी कुलकर्णी सरांचा, स्वतःचा, त्या सिनेमा करणाऱ्या पोरीचाही राग आला. मी त्यांच्या मांडीवरचा डबा ओढला आणि उघडला. नकाशासारखी भाकरी. मी तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्यांच्या तोंडाशी नेला.

मामा दचकले. "आता कशाला? गाडी कवाच गेली."

"गेली ना? मग फलाटावर कशाला थांबलात?" माझा आवाज चढला, अगदी त्यांच्यासारखा. "तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. घास चावायला लागले आणि चावता चावता थांबले. माझ्याकडे बघितलं.

"याच्यात मीठ न्हाई."

"नाही."

"सगळ्या गावाला असंच घातलं मी?"

"हो."

"कुणी बोललं न्हाई कधी?"

"नाही. पण खाल्लं सगळ्यांनी."

त्यांनी मान हलवली. तोंडातला घास तसाच धरून ती हलतच राहिली, आणि मग आतून काहीतरी मोडल्यासारखे मामा रडायला लागले. त्यांनी ज्याला त्याला शिकवलं होतं तसं, मोठ्यानं, लाज न धरता. बाहेरच्या कपबशा थांबल्या. दारात माणसं जमली. कुलकर्णी सर हातात चहाचा कप घेऊन पुढं आले आणि तिथंच उभे राहिले. किराणावाले शेठजी होते, त्यांनी हात जोडले.

मी मामांचे डोळे पुसले नाहीत. आसवं गालावरून मिशीत, मिशीतून ओठांवर येत होती. उमाळा जरा ओसरला तेव्हा मी दुसरा घास केला. त्यांनी न सांगताच तोंड उघडलं, सावकाश चावला आणि गिळला.

"आता बराबर लागून राह्यलं, माय," मामा म्हणाले.