महाराजांच्या रथाचा फुगा

ह्या वर्षी मुली नाट्यस्पर्धेला टेम्पोत उभ्या राहून जाणार नाहीत, मोटारहोमने जाणार, असं प्रतीक्षाने मधल्या सुट्टीत बाकावर उभं राहून जाहीर केलं. मोटारहोम म्हणजे काय हे निम्म्या वर्गाला ठाऊक नव्हतं. तिने समजावून सांगितलं, की गाडीच्या पोटात घर असतं. बेड, बेसिन, माणसाएवढा आरसा आणि संडाससुद्धा.

"चालत्या गाडीत?" मोहितने विचारलं.

"चालत्या गाडीत."

वर्ग थोडा वेळ गंभीर झाला.

हा मोहित म्हणजे शाळेचा कायमचा नायक. अवसरी बुद्रुकच्या त्या शाळेत नाटक मुलांनी करायचं आणि मुलींनी पडद्याच्या दोऱ्या ओढायच्या, अशी जुनी वहिवाट होती. गेल्या वर्षी दोरी प्रतीक्षाच्या हातात होती. शेवटच्या प्रवेशात मोहित मरायला इतका वेळ लावत होता, की तिने कंटाळून पडदाच टाकला! त्यावरून जी बोलाचाली झाली तिचा शेवट मोठ्या बाईंच्या ऑफिसात झाला. मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाईंना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. त्यांनी निकाल दिला, की एक वर्ष मुलींना नाटक द्या. जमलं तर पुढे बघू. नाही जमलं तर पुन्हा दोऱ्या, आणि मग कुरकुर ऐकून घेणार नाही.

म्हणजे सगळं ह्या एका स्पर्धेवर आलं होतं. स्पर्धा निमगाव सावाला, दुपारी. नाटक प्रतीक्षाने स्वतः लिहिलं होतं. एका राजाला झोप येत नाही, म्हणून तो चिडून प्रजेच्या जांभयांवर कर बसवतो. राजा अर्थातच प्रतीक्षा, मिशीसकट. प्रधान वृषाली, दाढीसकट. बाकी सहाजणी शिपाई आणि जांभया देणारी प्रजा.

आता गाडीबद्दल. प्रतीक्षाचे पप्पा, कपिल, मंचरला बसगाड्यांचं वायरिंग करतात. भंगारात निघालेली एक लक्झरी बस त्यांनी दोन वर्षं खपून घरासारखी सजवली होती. पुढेमागे पुण्याची माणसं ती घेऊन नाणेघाट बघायला जातील, असं त्यांचं स्वप्न होतं. अजून कोणी गेलं नव्हतं. पण पप्पांच्या बोलण्यात ती गाडी काश्मीरपर्यंत जाऊन आलेली असायची. तिचा सगळ्यात मोठा मान म्हणजे तिला मागे धक्के झेलायला लोखंडी पाटे नव्हते. पाट्यांच्या जागी चाकांच्या वर हवा भरलेले दोन रबरी फुगे होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. अख्खं घर त्या फुग्यांवर बसलेलं.

"पाण्याचा गिलास भरून ठेवा," पप्पा निघताना म्हणाले, "थेंब सांडला तर नाव बदलंन."

मंचरपर्यंत थेंब सांडला नाही. मुलींनी मिशा चिकटवल्या, मुकुट घातले. गोरख सर, म्हणजे नाटक बसवणारे सर, बेडवर मांडी घालून वेलचीचा चहा प्यायले आणि म्हणाले की शिक्षण असं असलं पाहिजे. कळंब मागे पडलं, गाडी मोठ्या रस्त्यावरची गर्दी चुकवून बाजूच्या वाडीच्या रस्त्याला लागली आणि तिथे तो स्पीडब्रेकर आला. सरकारी नव्हे, गावकऱ्यांनी रागाच्या भरात घातलेला! त्याला चढ होता, माथा होता, फक्त वर देऊळ बांधायचं राहिलं होतं.

धाड! आणि मग लांबलचक फुस्स.

गाडी डावीकडे अशी कलली, जशी एखादी बाई कडेवर पोर घेऊन उभी राहते. महाराजांचा मुकुट घरंगळत बेसिनमध्ये गेला. वृषालीची दाढी सरांच्या चहात पडली. सगळ्या शिपाई एकमेकींवर रचल्या गेल्या. खालून कुठून तरी हवेचं मशिन घर्रर्र करत राहिलं, फुटक्या फुग्यात हवा भरायचा त्याचा हट्ट काही सुटेना.

प्रतीक्षाने आदल्याच आठवड्यात मोबाइलवर ह्या दुखण्याचा व्हिडिओ बघितला होता. का बघितला होता विचारू नका, तिला झोपायच्या आधी असले व्हिडिओ आवडतात. ती म्हणाली, मशिन बंद करा, गाडी उचला, फुग्याच्या शेजारी लाकडाचा ठोकळा बसवा आणि हळू चला.

"तू तुझे डायलॉग पाठ कर," पप्पा म्हणाले. "डावीकडं वजन जास्त झालंय, बाकी काय न्हाई. सगळ्या उजवीकडं बसा."

सगळ्या उजवीकडे बसल्या. तेवढ्याने भागेना, म्हणून गोरख सरांना उजव्या खिडकीशी चिकटवून बसवलं. सर तब्येतीने भारदस्त. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच शिक्षणाबाहेरच्या कामासाठी इतका मान मिळत होता. त्यांच्या मांडीवर गॅसची टाकी दिली, टाकीवर कपड्यांची पेटी. पप्पांनी गाडी काढली. गाडी शंभरेक पावलं गेली असेल नसेल, तोच उजवीकडून दुसरं फुस्स आलं.

गाडी एकदम सरळ झाली.

"बघा," पप्पा म्हणाले, "आली का न्हाई लेवलला?"

ह्या आनंदात त्यांनी आणखी थोडं अंतर कापलं. मग जळक्या रबराचा असा वास सुटला, की प्रजेपैकी दोघींनी नाकाला पदर लावला. गाडीचं घर सरळ चाकांवर बसलं होतं. चाक फिरायला तयार नव्हतं आणि पप्पा खाली उतरायला. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ते उतरले, वाकून बघितलं, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

गाडी थांबली होती ती नेमकी त्या वाडीच्या यात्रेच्या मैदानाशेजारी. पाळणे, रेवड्यांचे ढीग, पिपाण्या. आणि मैदानाच्या टोकाला रिकामं स्टेज, त्यासमोर सकाळपासून बसलेली चारएकशे माणसं. हजेरीच्या तमाशाची वाट बघत होती. आमच्या भागात रात्रीचा तमाशा झाला, की दुसऱ्या दिवशी भर उन्हात हजेरी होते आणि तिला घरातली म्हातारी माणसंसुद्धा उशी घेऊन येतात. पण रात्रीचा फड पहाटेच निघून गेला होता आणि हजेरीला ठरलेला दुसरा फड वाटेत कुठे तरी अडकून पडला होता. पब्लिक आता यात्रा कमिटीच्या घराण्याविषयी बोलायला लागलं होतं.

अशा वेळी मैदानाशेजारी एक लांबडी बस येऊन बसते, तिचं दार उघडतं आणि आतून मिशीवाला राजा बाहेर येतो!

"आले रं आले!" कोणीतरी ओरडलं, आणि गर्दीतून गुलालाने माखलेले, फेटा सुटलेले एक गृहस्थ धावत आले. ते कमिटीचे अध्यक्ष गेणभाऊ. त्यांनी आधी पप्पांच्या गळ्यात हार घातला. मग विचारलं, की एवढा उशीर का केला.

पप्पा हार सावरत बसले. प्रतीक्षा पुढे झाली. आम्ही तमाशाचा फड नाही, शाळेच्या मुली आहोत, असं तिने स्वच्छ सांगितलं.

"मंग फडातल्या पोरी शाळंत जात न्हाईत व्हय?" गेणभाऊ म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं. मिशी काढून दाखवली. गोरख सरांना ओळखपत्रासारखं पुढे केलं. गेणभाऊंनी सरांकडे पाहिलं, सोंगाड्या म्हणून सर त्यांच्या मनात भरलेले दिसले. मग त्यांना खरा प्रकार कळला. त्यांनी एकदा पब्लिककडे पाहिलं. पब्लिकमध्ये एकजण चप्पल काढून हातात घेत होता.

"तुमच्यात राजा हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीच."

"परधान?"

वृषालीने चहात भिजलेली दाढी वर करून दाखवली.

"मंग बाय माझे, आजून काय लागतं? तुमी तिकडं हुभं ऱ्हा, आमी तुमची गाडी हुभी करतो."

प्रतीक्षाने मनातल्या मनात हिशोब मांडला. नाटक अर्ध्या तासाचं. गाडी नाहीतरी तेवढा वेळ उठणार नाही. इथून निमगाव सावा लांब नाही. शिवाय रंगीत तालीम होईल. सर म्हणाले, शाळेची परवानगी नाही. प्रतीक्षा म्हणाली, सर, शाळेची गाडीपण नाही. सर कपड्यांची पेटी उचलायला लागले.

नाटक सुरू झालं. पहिली पाच मिनिटं चारशे माणसं गप्प. राजाची मिशी घामाने सुटत होती. घरी बेसिनच्या आरशासमोर तालीम करताना आरसा टाळ्या वाजवतो असं तिला वाटायचं, पब्लिक तसं काही करेना. तिने प्रजेवर जांभईचा कर जाहीर केला. आणि त्याच क्षणी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी, रात्रभर जागलेले बिचारे, जबडा दुखेल अशी खरीखुरी जांभई दिली.

प्रतीक्षा थांबली. हे नाटकात नव्हतं. तिने तलवार उचलून आजोबांकडे रोखली.

"प्रधानजी, वसुली!"

वृषाली टुणकन खाली उतरली आणि आजोबांसमोर हात पसरून उभी राहिली. आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं, कोपरीच्या खिशात हात घातला आणि मूठभर रेवड्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. मैदान असं हसलं, की पाळणेवाल्याने पाळणा थांबवला!

मग काय, गावाला खेळच मिळाला. जो तो जांभई द्यायला लागला. ह्या कोपऱ्यातून जांभई, त्या कोपऱ्यातून जांभई, आणि प्रत्येक जांभईला कर! स्टेजवर रेवड्या, गोडीशेव, नारळ आणि एक जिवंत कोंबडा जमा झाला. कोंबडा राजाने अभय देऊन परत केला. एका आजीने कर बुडवायला पदरात तोंड लपवून जांभई दिली, तिच्यावर खटला चालला. महाराज निकाल देत होते, प्रधान दंड ठोकत होते. मिशी केव्हाच पडली होती, पण कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. प्रतीक्षाला तर आपल्याला आवाज आहे, हात आहेत, एवढंच काय ते समजत होतं. वेळ समजत नव्हता.

तिकडे गाडीपाशी बैलगाडा शर्यतीत तयार झालेली तीस माणसं, ट्रॅक्टरचा जॅक आणि बाभळीची दोन लाकडं आली होती. ठोकळे बसले. एक जाड निघाला, एक बारीक. त्यामुळे आधी डावीकडे कलणारी गाडी आता उजवीकडे कलून उभी राहिली. ठोकळ्यांची युक्ती कोणाची, असं कोणीतरी विचारलं, तर पप्पा म्हणाले, "आपलीच. अनुभव लागतो राव."

खऱ्या फडाचा ट्रक आला तेव्हा कुठे मुलींची सुटका झाली. अर्ध्या तासाच्या नाटकाचे दोन तास झाले होते.

पुढचा रस्ता त्यांनी बैलगाडीच्या वेगाने कापला. निमगाव सावाला पोचले तेव्हा शिपाई सतरंज्या झटकत होते आणि पहिल्या नंबरची मुलं ढाल धरून फोटो काढत होती. संयोजकांनी वही बघून सांगितलं, की तुमचं नाव तीनदा पुकारलं. बस्स. कोणी रागावलंसुद्धा नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर गोरख सर उजव्या खिडकीशी, आता गाडीच्याच मर्जीने चिकटलेले, रेवड्या खात म्हणाले, की पुढच्या वर्षापासून दोऱ्या नीट ओढायची तालीम घेऊ. प्रतीक्षाने सगळा रस्ता मुकुट मांडीवर घेऊन काढला. आपण शाळेत जायचंच नाही, तापच आणायचा, इथपर्यंत तिचं ठरलं होतं.

ताप आला नाही. सोमवारी मोहितने तिला वर्गाच्या दारातच विचारलं, की संडास तरी चालू होता का. तेवढ्यात तिला मोठ्या बाईंनी बोलावलं. ती वृषालीला घेऊन गेली, मरायचंच तर प्रधानासकट.

ऑफिसात गेणभाऊ बसले होते. धुतलेला फेटा, टेबलावर नारळ. पुढच्या वर्षीच्या यात्रेला हजेरीच्या आधी हेच नाटक पाहिजे, असा कमिटीचा ठराव घेऊन ते आले होते. मोठ्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, की मुलांचंही एक चांगलं नाटक आहे, ते चालेल का.

"त्यात काय असतं?"

"नायक शेवटी मरतो."

"न्हाई बाय," गेणभाऊ म्हणाले, "पब्लिक जागं ठिवायचंय."

मोठ्या बाईंनी नारळ उचलून कपाटात ठेवला आणि म्हणाल्या, की मग मुलींचं नाटक पुढेही चालू राहील, दोऱ्यांना दुसरं कोणी बघू. प्रतीक्षाची मान इतकी ताठ झाली, की वृषालीला ती खाली ओढावीशी वाटली. कलावंत म्हणून आपण दोन शब्द बोलले पाहिजेत असं वाटून प्रतीक्षाने घसा साफ केला आणि विचारलं, की आमच्या कामात गावाला नेमकं काय आवडलं.

गेणभाऊ उठता उठता थांबले.

"तुमचं बी बरं व्हतं," ते म्हणाले. "पण येताना गाडी तीच आणा. आन् तशीच वाकडी. निम्मं पब्लिक ती पडती कवा, ह्ये बघायला थांबलं व्हतं."