लागलं का पाणी?

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत बापूराव हैदराबादेहून बीडला आले, की आपल्या घरात पाय ठेवण्याआधी आमच्या म्हशीच्या गळ्यातली घंटा काढून खिशात घालत. "मास्तर, तहकिकातीत खलल पडतो!" तहकिकात म्हणजे त्यांचं संशोधन आणि खलल, म्हणजे व्यत्यय, आम्ही सगळे शेजारी.

बापूराव तिकडे विद्यापीठात इतिहास शिकवत. बीडशेजारच्या पाली गावाजवळच्या एका जुन्या, बुजलेल्या विहिरीवर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. पण वर्षभर तासांतून डोकं वर निघायचं नाही. त्यात कागद फारशीत, शिकवणं उर्दूत आणि विचार मराठीत; पुस्तकानं बिचाऱ्यानं जन्म घ्यायचा तरी कुठे! म्हणून सगळी भिस्त सुट्टीवर. सुट्टीत कधी शाई पातळ निघे, कधी समोरचा लिंब फार सळसळे.

सगळ्यांत मोठा खलल म्हणजे त्यांच्या पत्नी, वर्षभर इथंच राहणाऱ्या गोदावहिनी. विहीर खणणाऱ्याला खडक लागला, मजूर पळाले, तरी तो खणतच राहिला, एवढी हकीकत बापूरावांनी त्यांना एकदा सांगितली होती. तेव्हापासून रोज दिवेलागणीला वहिनी दारात उभ्या.

"आवो, लागलं का पाणी?"

"आगं, इथं पाण्याचा न्हाई, साल ठरवायचा सवाल हाय! पुस्तक झालं की कळंल."

वहिनी हसत चुलीकडे जात. बापूराव कपाळाला हात लावून मला ओरडून सांगत, "बघा मास्तर, सरासर खलल!" आणि मग कंदील ओढून चांगली दोन-चार पानं लिहून काढत.

एका हिवाळ्यात तापाच्या साथीत वहिनी गेल्या. बापूराव पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या उन्हाळ्यात ते आले, पण घंटेला हात लावला नाही. घर चिडीचूप. एवढी शांतता मिळूनही महिनाभर एक ओळ झाली नाही. एका संध्याकाळी जाऊन शेजारी बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "बापूराव, त्या विहिरीला पाणी लागलं होतं का हो?"

ते दाराकडे बघत राहिले.

"लागलतं. लई गोड. पयल्याच साली कागदात घावलतं मला."

"मग वहिनींना कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितल्यावर ती रोज इचारायला कशाला आली असती, मास्तर?"