हिटलरची शांतता आणि आमची सभा

तुमच्या घरच्या माणसानं तुम्हाला कधी हिटलरसारखं बोलायला सांगितलंय का? नसेल सांगितलं, तर तुम्ही सुखी आहात. जरा बसा आणि माझं ऐका.

आमचं गाव सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या पलीकडे. यंदा सरपंचपद बायकांसाठी राखीव सुटलं आणि आमच्या ह्यांनी भाकरी मोडता मोडता ठरवून टाकलं की मी उभं राहायचं. (मला विचारलं नाही. आमटी वाढू का, हे मात्र मीच विचारलं.) मी दहावी पास. आवाज असा की दारातल्या शेळीला हाकललं तर ती जवळ येऊन बसते. तरी मी हो म्हटलं, ते एकाच गोष्टीसाठी. सेनगावला कॉलेजला जाणाऱ्या पोरींची सकाळची एसटी बंद झाली होती. जीपमध्ये त्यांना कसं कोंबतात ते पाहून काही घरांनी पोरींचं शिक्षणच थांबवलं होतं, आणि आमच्या अनुश्रीची बारावी तोंडावर होती. ती बस परत आणायची, एवढंच मला सभेत सांगायचं होतं. फोडणीत मोहरी तडतडेपर्यंत सांगून झालं असतं.

"एवढ्यानं लोक हालत न्हाईत," हे म्हणाले. "भाषण कसं पायजे, बघ." आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यात एक मिशीवाला माणूस हातवारे करत ओरडत होता. एक अक्षर कळत नव्हतं. समोर मात्र माणसांचा समुद्र.

अनुश्री आतून आली. "पप्पा, हा हिटलर आहे. यानं लाखो माणसं मारली."

"मारली ते वाईटच. मी मारायचं कुठं म्हनून राहिलो? फक्त बोलायचं घेऊ."

"मग बाकीचं कुठं ठेवायचं?"

"बाकीचं तिकडंच राहू दे, जर्मनीत."

पुढचे आठ-पंधरा दिवस आमचे हे दुकान सोडून तेच पाहत बसले. (आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दिवसांत लोकांच्या आधार कार्डाच्या प्रती उलट्या निघाल्या.) त्यातून त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक, भाषणाला शत्रू लागतो. दोन, सुरुवातीला काहीच बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं. लोक आपोआप गप्प होतात, त्यांची छाती धडधडायला लागते, आणि मग तोंड उघडायचं.

आधी शत्रू शोधायला बसलो. समोरची उमेदवार चंदाबाई, ती माझी चुलत जाऊ. तिच्याकडून मी आदल्याच दिवशी विरजण आणलं होतं आणि विरजण घेता घेता बसचं सगळं तिला सांगूनही आले होते. वरच्या आळीत ह्यांचं आजोळ. खालच्या आळीत अर्धं गिऱ्हाईक. बोलता बोलता ह्यांची नजर परसातल्या भिंतीकडे गेली. भिंतीपलीकडे हैदरभाईंचं घर. ह्यांच्या मनात काय आलं ते देवाला ठाऊक.

तेवढ्यात भिंतीवरून हैदरभाईंच्या बायकोचं, हलीमाचं डोकं वर आलं. ती कपडे वाळत घालत होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"भाऊजी, शत्रू सापडंना का? मलाच घ्या की. पर मग माईक बी दुसऱ्याचा घ्या, आमचा न्हाई भेटायचा."

सभेचा मंडप आणि माईक हैदरभाईंचाच होता. हे इतके लाजले की कानापर्यंत लाल झाले. "न्हाई वो भाभी, तसं काई न्हाई! मी तर भिंतीवरची पाल पाहत होतो."

"पाल बी आमच्याच बाजूची हाय," हलीमा म्हणाली आणि चादर झटकून आत गेली.

शेवटी रानडुकरांवर एकमत झालं, भिंतीपलीकडूनसुद्धा. सोयाबीन सगळ्यांचंच खातात, आणि त्यांची मतं कोणाकडेच नाहीत.

माझं मन काही मानेना. बंडोपंत गुरुजी आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. आता थकलेत, तापानं अंथरुणाला खिळले होते. त्यांना पेज घेऊन गेले तेव्हा विचारलं, "गुरुजी, पुढाऱ्यांनी असल्या माणसाची भाषणं शिकावीत का?"

गुरुजी उशीला टेकून उठून बसले. "शिकावीत ना. जरूर शिकावीत. पण बोलणाऱ्यांनी नव्हे, ऐकणाऱ्यांनी. आपल्याला कोण कसं नाचवतंय ते कळायला नको का?"

मी घरी येऊन ह्यांना हे सांगितलं. हे म्हणाले, "ताप डोक्यात गेलाय त्यांच्या."

मग आरशासमोर सराव सुरू झाला. पाय जुळवून उभं राहायचं. हात पोटाशी एकावर एक. मान किंचित खाली. चेहरा गंभीर. "मी माईकवाल्याजवळ सभेच्या मागं थांबतो," हे म्हणाले. "मी हात वर केला की मगच तोंड उघड. तोवर जीव गेला तरी बोलू नको."

सभा ग्रामपंचायतीसमोरच्या पटांगणात होती. शेतावरून परतलेली माणसं हातपाय धुऊन आली होती, बायाही बऱ्याच होत्या. चंदाबाईसुद्धा पुढच्या सतरंजीवर येऊन बसली होती. माझं नाव पुकारलं. मी माईकपुढे गेले, पाय जुळवले, हात पोटाशी घेतले, मान खाली घातली आणि गप्प उभी राहिले.

खरंच, लोक गप्प झाले! लेकरं गप्प झाली. मी मनात म्हटलं, लबाड मेला तो मिशीवाला, पण युक्ती बराबर होती.

मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा गुडघ्यावर हात टेकवून उठला. त्यानं टोपी काढली. त्याचं पाहून शेजारचा उठला. मग बाया पदर सावरत उठल्या. बघता बघता अख्खी सभा माना खाली घालून उभी राहिली.

आमच्याकडे माईकपुढे कोणी असं उभं राहिलं, की त्याचा एकच अर्थ असतो. श्रद्धांजली.

मी चोरून वर पाहिलं. उभ्या माणसांच्या भिंतीत मागचे हे दिसेनात. नंतर कळलं की ह्यांनी हात बराबर वर केला होता. मग सगळे उभे पाहून ह्यांनाही वाटलं, खरंच कोणीतरी गेलं असेल. म्हणून हात खाली घेतला आणि टोपी काढली. मला कसं कळावं? मी हाताची वाट पाहत उभीच. (नवऱ्याचं इतकं ऐकलं ते आयुष्यात एकदाच.)

कुजबूज सुरू झाली.

"कोन गेलं वो?"

"गुरुजी आजारी होते ना."

"बंडोपंत गुरुजी? अरे देवा! काहून सांगितलं न्हाई कोनी?"

एका बाईनं हुंदका दिला. तिचं पाहून दुसरीनं दिला. मला राहवेना, मी हातबित विसरून ओरडले, "अहो, कोणी गेलं न्हाई! बसा!" पण हैदरभाईंनी श्रद्धांजली म्हणून माईक अदबीनं बंद केला होता. माझा आवाज माझ्याच पदरात पडला. पटांगण रिकामं झालं. सगळे गुरुजींच्या घराकडे निघाले होते. मीही धावत मागे गेले.

ताप उतरलेले गुरुजी ओसरीवर खिचडी खात होते. दारात अख्खं गाव टोप्या काढून उभं राहिलेलं पाहून त्यांनी ताट खाली ठेवलं, भिंतीचा आधार घेऊन तेही उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं रे?"

मीच रडत रडत सगळं सांगितलं. गुरुजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "विजया, शाळेत तुला कधी कविता म्हणता आली नाही, आणि आज एक शब्द न बोलता अख्खं गाव उठवलंस! आणि तुम्ही रे? एकानंही उभं राहायच्या आधी विचारलं नाही, कशासाठी म्हणून?"

लोक ओशाळले, घरी जायला वळले. तेवढ्यात चंदाबाई ओसरीच्या पायरीवर चढली. हौदावर बोलावं तसं म्हणाली, "आता जमलाच हाव तर ऐका. पोरींची सकाळची एसटी बंद हाय. मला निवडून द्या नाई तर नका देऊ, पन उद्याच्याला सगळे मिळून डेपोत जाऊ. माझ्या मनातलं न्हाई हे, विजयाच्या मनातलं हाय."

केवढ्या टाळ्या पडल्या! गुरुजींनीही वाजवल्या. मागे वळून पाहिलं तर आमचे हेही टाळ्या वाजवत होते. माझ्याकडे लक्ष गेल्यावर हात खिशात घातले.

वाटेत हलीमा माझ्याबरोबर चालत होती. म्हणाली, "वैनी, त्या रानडुकराचं तरी बोलायचं होतं."

घरी आल्यावर अनुश्रीनं पाणी दिलं. "आई, बस तर येईल ना?" मी म्हटलं, येईल बहुतेक. मला आनंद व्हायला हवा होता. पण रात्रभर कूस बदलत एकच विचार करत होते, की चंदाबाईची ती एसटीची वाक्यं मला तोंडपाठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचे सोनाजी आले. त्यांच्या वडिलांच्या शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्यासाठी त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. बोलायला चंदाबाई येणार होती.