बाईंना कुणी पाडलं

पैठणकर बाई पडल्या, असं आमच्या सोसायटीत कुणी म्हणत नाही. 'बाईंना पाडलं' असं म्हणायचं. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची घोकंपट्टी झालेली आहे. ज्याची झालेली नाही त्याला बाई जिन्यात अडवून शिकवतात.

बाई म्हणजे शाळेतल्या आमच्या मराठीच्या बाई. आता बहात्तर वर्षांच्या आहेत आणि माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. गंगापूरकडच्या खेड्यातून मी आठवीत शहरात आलो, तेव्हा भर वर्गात 'लई' म्हणालो आणि पोरं फिदीफिदी हसली. बाई त्यांच्यावर कडाडल्या, "हसू नका. तो शब्द त्याच्या गावचा आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण वाक्यातला कर्ता खाल्लास तर कान धरीन." याला चाळीस वर्षं झाली. माझं 'लई' अजून शाबूत आहे आणि कानही अजून बाईंच्याच ताब्यात आहे.

"कर्ता कोण?" हे त्यांचं पालुपद. कप फुटला, किल्ली हरवली, गाडी चुकली, असलं काही त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. एकदा माझी बायको जिन्यात म्हणाली, "काय सांगू बाई, आज दूध उतू गेलं." बाई म्हणाल्या, "दूध कशाला जाईल? तू गेलीस, टीव्हीपुढे." बायको आठवडाभर जिन्यात पाऊल वाजू न देता उतरत होती.

मी स्वतः सरकारी कचेरीत कारकून. आमचा सगळा कारभार 'करण्यात येते' आणि 'कळविण्यात येते' यावर चालतो. काम झालेलं असतं, पण केलं कुणी ते ब्रह्मदेवालाही सापडत नाही. बाई माझी ओळख करून देताना "हा येते खात्यात असतो," असंच सांगतात.

तर मागच्या दिवाळीच्या आधी बाई गुलमंडीतल्या एका साड्यांच्या दुकानात गेल्या होत्या. दारातच गुळगुळीत फरशी, नुकतीच पुसलेली. पायपुसणं नाही, पाटी नाही. तासाभरानं मला दवाखान्यातून फोन आला, "सुधाकर, मला पाडण्यात आलं आहे." मग जरा थांबून, "नाही, चुकलं. एका दुकानानं मला पाडलं आहे. उजवं मनगट मोडलंय. म्हणजे त्यांनी मोडलंय. तू ये."

मी पोहोचलो तेव्हा दुकानाचा मॅनेजर खाटेशी उभा होता. हातात साडीचा खोका.

"मॅडम, होतं असं कधी कधी. पाय घसरला ना तुमचा, आता काय करणार?"

"पाय घसरला, या वाक्यात कर्ता कोण?"

मॅनेजरनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. ही माझी शाळेपासूनची सवय आहे.

"पाय!" बाई म्हणाल्या. "म्हणजे गुन्हेगार माझा पाय. फरशी कुठं आहे? पाणी कुठं आहे? तुम्ही कुठं आहात? आणि बाईमाणसाचा पाय घसरला, असं चारचौघांत बोलताना जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी."

मॅनेजर कानापर्यंत लाल झाला. खोका ठेवून गेला. तो दुसऱ्या दिवशी बाईंनी दोरीसुद्धा न सोडता माझ्या हाती परत पाठवला.

बाईंना साडी नको होती, पैसा नको होता. त्यांना एक वाक्य हवं होतं, मालकाच्या सहीनिशी: आम्ही फरशी ओली ठेवली, ही आमची चूक. एवढंच.

दुकानाचं पहिलं पत्र आलं. 'आपला पाय घसरल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येते.' बाईंनी डाव्या हातात लाल पेन धरून खाली लिहिलं, 'कुणाकडून?' दहापैकी दोन गुण दिले, तेही अक्षराचे, आणि 'पुन्हा लिहा' असा शेरा मारून पत्र परत धाडलं. दुसरं आलं, 'घडलेल्या घटनेबद्दल खेद वाटतो.' त्याला तीन गुण. तिसरं आलंच नाही. मग बाईंनी ग्राहक आयोगात तक्रार केली.

वकील नको म्हणाल्या. अर्ज त्यांनी सांगितला आणि मी लिहिला, अकरा पानं. फरशीचा रंग, दारापासूनची पावलं, चपलेचा तळ, पडताना हातातली पिशवी कुठं गेली, सगळं त्यात होतं. माझं एकही 'येते' त्यांनी अर्जात शिरू दिलं नाही.

सुनावणीला दुकानाचे वकील ऐटीत उभे राहिले. त्यांचं म्हणणं लेखी होतं, तेच वाचून दाखवलं, "तक्रारदार बाईंनी ओल्या फरशीवर निष्काळजीपणे पाऊल टाकलं."

बाई उठल्या. गळ्यातल्या झोळीत हात, पण आवाज थेट आठवी ब चा.

"साहेब, वकीलसाहेबांनी फरशीला एक विशेषण लावलंय. ते त्यांनी पुन्हा वाचावं."

वकिलांनी कागदात बघितलं. ओठ हलले.

"मोठ्यानं," बाई म्हणाल्या.

"ओल्या," वकील म्हणाले.

समोरचे साहेबसुद्धा गालात हसले. पुढची तारीख पडली. शिट्टी मारायची परवानगी असती तर मी तिथंच मारली असती. स्कूटरवरून घरी येताना सिग्नलला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मी मागं बोट दाखवून सांगितलं, "ह्या आमच्या बाई आहेत."

आणि मग, पुढच्या तारखेच्या आधी, दुकानाचं तिसरं पत्र आलंच. मी जिन्यातच फोडलं आणि धापा टाकत वर गेलो. "बाई, कर्ता आला! लई भारी!"

बाईंनी चष्मा लावून वाचलं. 'आमच्या दुकानात साफसफाई करणाऱ्या रझियाबी यांनी फरशी ओली ठेवली. ही त्यांची चूक आहे. आम्ही त्यांना कामावरून काढले आहे.'

मी लाल पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"वाक्यं तिन्ही बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "आणि ती मीच त्यांना शिकवली."

त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली, "सुधाकर, स्कूटर काढ. गुलमंडी."

शेठ गादीवर बसले होते. बाई उभ्याच राहिल्या.

"शेठ, तिला परत घ्या. दारात पायपुसणं टाकायचं कुणी? पाटी लावायची कुणी? गिऱ्हाईक आत येत असताना पुसायला लावलं कुणी? तिनं तर नेमून दिलेलं काम केलं."

शेठ थंडपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हीच कर्ता कर्ता करून जीव खाल्ला आमचा. आता दिला तर तोबी चालत नाय. तिची चूक नाय म्हणता, माझी तर मी म्हणणार नाय. कुणाची तरी पाहिजे का नाय?" त्यांनी एक कोरा कागद सरकवला. "तुम्ही लिहून द्या, पाय तुमचाच घसरला. केस मागं घ्या. उद्यापासून ती कामावर."

"बाई, नका!" मी म्हणालो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना मध्येच तोडलं.

"आधी तिला फोन लावा, माझ्यासमोर," बाई शेठना म्हणाल्या. "आणि पायपुसणं आजच टाका."

शेठनी फोन लावला. पलीकडून रडण्याचा आवाज आला, मलाही ऐकू आला. मग बाईंनी पेन उजव्या हातात घेतलं. मनगट वाकडंच जुळलं होतं, अक्षर कापत होतं. 'माझा पाय घसरला.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद शेठच्या हातात दिला.

बाहेर आल्यावर मी स्कूटरला किक मारायची सोडून भांडायला लागलो. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, सांगायला लाज नाही. "आठ महिने लढलात बाई! त्या वकिलाची दातखीळ बसवलीत. आणि त्या माणसाला असलं वाक्य लिहून दिलंत? तिच्यासाठी दुसरीकडं काम बघितलं असतं की आपण."

 बाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

"रिक्षा यायला वीस मिनिटं लागली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "लोक कडेनं उभे होते, बघत. ही एकटी हातातलं फडकं टाकून आली, ओल्यात बसली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. कपाळावरून हात फिरवत होती. 'हिलो नक्को अम्मा, रिक्षा आ री, हिलो नक्को.' आई गेल्यापासून माझ्या कपाळावर कुणाचा हात पडला नव्हता रे. मनगट ठणकत होतं, जीव जातो की काय असं वाटत होतं. आणि तरी मनात येत होतं, रिक्षा जरा उशिरा आली तरी चालेल."

 मी कारकुनासारखंच बोललो, "अकरा पानं लिहिली मी बाई. त्यात हे कुठंच नव्हतं."

बाई मागं बसल्या. वाकडा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"तो अर्ज नुकसानीचा होता, सुधाकर," त्या म्हणाल्या.